सायकलचा ब्रेक : घर्षणाच्या जागेचा इतिहास

सायकल कशाने थांबते, असे विचारले तर तुम्ही म्हणाल, ब्रेकने. हे उत्तर अर्धेच आहे. ब्रेक चाकाला अडवतो. सायकल थांबते ती टायर आणि रस्ता यांच्यातील घर्षणामुळे. म्हणून हा इतिहास वाचताना दोन प्रश्न मनात ठेवा : ब्रेक कशावर घासतो, आणि तो किती जोरात लावता येतो?

१८७० च्या दशकातील उंच सायकलीला चमच्याच्या आकाराचा ब्रेक असे. तो पुढच्या भरीव टायरवरच दाबला जाई. स्वार जवळजवळ त्या चाकाच्या आसावर बसलेला असल्याने ब्रेक जोरात दाबताच तो डोक्यावर आपटे. १८८५ मध्ये जॉन केम्प स्टार्ली यांच्या 'रोव्हर' सायकलीत गुरुत्वमध्य खाली आणि मागे आला. आता ब्रेक जोरात लावता येऊ लागला. १८८८ मध्ये डनलॉप यांचा हवेचा टायर आला. त्यावर ब्रेक घासणे म्हणजे टायर झिजवणे. त्यामुळे घर्षणाची जागा हळूहळू रिमवर गेली.

आपल्याकडे रुळला तो सळयांचा ब्रेक. 'सायकलींचे शहर' म्हटल्या जाणाऱ्या पुण्यातही काळी, दणकट सायकल म्हटली की हाच ब्रेक. तो टिकाऊ आणि दुरुस्तीला सोपा, पण त्याचे रबर घासते क्रोमचा मुलामा दिलेल्या पोलादी रिमवर. ही रिम भिजली की घर्षण कित्येक पटींनी घटते.

गणित करून पाहा. वेग ताशी २० किमी, म्हणजे सेकंदाला ५.६ मीटर. थांबण्याचे अंतर = वेगाचा वर्ग ÷ (२ × ऋण त्वरण). ऋण त्वरण ५ मी/से² धरल्यास अंतर सुमारे ३ मीटर येते. १ मी/से² धरल्यास सुमारे १५ मीटर.

ॲल्युमिनियमच्या रिमने हा दोष कमी केला. डिस्क ब्रेकने घर्षणाची जागा रस्त्यावरच्या पाण्यापासून दूर, चाकाच्या मध्याशी नेली. मात्र कोरड्या रस्त्यावर डिस्कलाही जुनी मर्यादा आहेच : सुमारे ०.६ g च्या पुढे मागचे चाक उचलले जाते.

बेळ्ळंदूरवरून जाणाऱ्या आउटर रिंग रोडवर २०२० मध्ये सायकलींसाठी वेगळी मार्गिका आखली गेली. अशा मार्गिकेवर डिस्कची महागडी सायकल येते, तशीच रखवालदाराची सळयांच्या ब्रेकची सायकलही येऊ शकते. पावसाळ्यासाठी मार्गिका आखायची असेल, तर तुम्ही कोणाचे थांबण्याचे अंतर धराल?