क्लिअर लेकच्या काठी

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलेय. दादाकडे विनिपेगला जाऊन आले, हे घरच्या सगळ्यांना माहीत आहेच. फोटोही पाहून झाले असतील. तंबूसमोर शेकोटी, माझ्या हातात काडीला टोचलेला मार्शमेलो आणि मागे निळंशार तळं, तो फोटो तर मामानं दोनदा मागवून घेतला. पण त्या फोटोत जे दिसत नाही, त्याबद्दल लिहायचंय.

आधी जागेबद्दल. विनिपेगहून वायव्येला गाडीनं तीनेक तास. प्रेअरी म्हणजे काय ते या प्रवासात कळतं. रस्ता सरळ, शेतं सपाट, पिवळी कॅनोला फुललेली, आणि आभाळ एवढं मोठं की आपण उगाच मान खाली घालून बसतो. मग हळूहळू जमीन चढायला लागते, झाडी दाट होते आणि रायडिंग माउंटन नॅशनल पार्क लागतं. नावात माउंटन असलं तरी आपल्या सह्याद्रीच्या माणसानं फार अपेक्षा ठेवू नये! मात्र इतक्या सपाटीत तो उंचवटाही मोठाच वाटतो. त्यात क्लिअर लेक आणि त्याच्या काठी वासागामिंग नावाचं छोटं गाव. या नावाचा अर्थही स्वच्छ पाणी असाच.

तंबू दादानं आणि भाच्यानं ठोकला. मी आणि वहिनीनं डास मारले. खाण्याचं सगळं सामान रात्री गाडीत बंद करून ठेवायचं, कारण तिथे काळी अस्वलं आहेत. पावणेदहापर्यंत उजेड असतो, त्यामुळे जेवणाची वेळच कळत नाही. पोरं पाण्यात, म्हातारे खुर्च्या टाकून काठावर, कुठेतरी बार्बेक्यूचा वास. इतकी निवांत जागा मी कधी पाहिली नव्हती.

"हे सगळं मंदीत बांधलंय बरं का," दादा म्हणाला. मग मी वाचत गेले.

हे पार्क 1933 च्या जुलैमध्ये समारंभानं खुलं झालं. तेव्हा जगभर मंदी होती, त्यात प्रेअरीवर दुष्काळ आणि धुळीची वादळं. आपल्याकडे दुष्काळात रस्त्याची, तलावाची कामं काढायचे ना, तसंच. बेकार माणसांना इथे छावण्यांत ठेवलं आणि त्यांच्याकडून रस्ते आणि लाकडी ओंडक्यांच्या देखण्या इमारती बांधून घेतल्या. त्यातल्या काही अजून उभ्या आहेत.

पण पार्क नुसतं बांधून चालत नाही, तिथे लोक यायला हवेत. त्यासाठी 1931 मध्ये ग्रे आउल नावाच्या माणसाला त्याच्या पाळीव बीव्हरांसकट इथे आणून ठेवलं. लांब वेण्या, कातड्याचे कपडे, जंगल वाचवा म्हणून सांगणारा 'इंडियन'. तो सहाएक महिने राहिला आणि पुढे सास्कॅचेवानमधल्या प्रिन्स अल्बर्ट पार्कात गेला. त्याची पुस्तकं गाजली, व्याख्यानं गाजली. 1938 मध्ये तो वारला आणि मग जगाला कळलं की हा तर इंग्लंडमधल्या हेस्टिंग्जचा आर्ची बेलॅनी! जंगलाबद्दलची त्याची कळकळ खरी होती, वेष तेवढा उसना. त्याची केबिन अजून आहे, लोक चालत बघायला जातात.

इथपर्यंत मला सगळं गमतीचं वाटत होतं. पुढचं वाचलं आणि पुस्तक मिटून ठेवलं.

ज्या तळ्याकाठी हा सोंग घेतलेला माणूस पाहुणा म्हणून आणला, त्याच तळ्याच्या उत्तर काठावर खरे लोक राहत होते. कीसीकूवेनिन ओजिब्वे. त्यांच्या पूर्वजांनी 1871 मध्ये ब्रिटिश राणीच्या सरकारशी करार केला होता, दुसऱ्या क्रमांकाचा करार म्हणतात तो. 1896 मध्ये सरकारनंच त्यांना क्लिअर लेकच्या काठचा एक तुकडा मासेमारीसाठी राखून दिला होता. कागदावर, रीतसर. तिथे त्यांची घरं होती. पार्क आखताना ही जमीनही आत घेतली गेली. 1936 मध्ये त्या कुटुंबांना बाहेर काढलं आणि त्यांची घरं जाळून टाकली.

परत यायला जागाच उरू नये म्हणून जाळली असावीत, दुसरं काय कारण असणार?

तीन वर्षांपूर्वीच समारंभ झालेला. शहरातून मोटारी येत होत्या. मी जिथे खुर्ची टाकून बसले होते, तिथून समोरचा काठ दिसत होता.

आणखी एक गोष्ट याच पार्कातली. दुसऱ्या महायुद्धात, 1943 ते 1945, इथल्या व्हाइटवॉटर तळ्याकाठी जर्मन युद्धकैद्यांची छावणी होती. चारशेच्या वर माणसं, सरपण तोडायच्या कामावर. छावणीला कुंपणच नव्हतं! पळून जाणार कुठे, चहूकडे जंगल. फावल्या वेळात त्यांनी झाडाचे बुंधे कोरून होड्या केल्या. शत्रूच्या सैनिकांना तळ्यात होडी घालायला मिळाली आणि ज्यांचं तळं होतं ते सात वर्षांपूर्वीच हाकलले गेले होते. हे वाचून मला रागापेक्षा खिन्नच वाटलं.

त्यातल्या त्यात बरं हे की गोष्ट तिथे संपली नाही. कीसीकूवेनिनचे लोक मागे हटले नाहीत. 1994 मध्ये त्या जमिनीचा बहुतेक भाग त्यांना परत मिळाला, उरलेला पुढे. घरं जळाल्यापासून 58 वर्षांनी! तेव्हा पोर असलेली माणसं म्हातारी झाली असतील.

आता माझं. आजीचं माहेर कोयनेच्या पाण्यात गेलं, हे आपल्या घरात सगळे जाणतात. धरण झालं, खोऱ्यातली गावं उठली, कुणी ठाण्याकडे गेलं, कुणी रायगडकडे. पाण्याला शिवसागर असं छान नाव मिळालं. तापोळ्याला आता होड्या आहेत, काठाला तंबू आहेत, आणि जागा खरंच सुंदर आहे. आम्ही एकदा आजीला घेऊन गेलो होतो. दादा तेव्हा कॉलेजात होता. सगळे होडीत बसले, आजी काठावरच. "चल गं, बोलावतायत सगळे," म्हटलं तर म्हणाली, "तुम्ही जावा. माज्या घरावरनं मी कशी जाऊ?"

आम्ही हसलो होतो. आत्याला आठवत असेल. आत्या मात्र हसली नव्हती.

दोन्ही गोष्टी सारख्या नाहीत, हे मला कळतं. कोयनेची वीज घराघरात आली, माझा अभ्यास त्याच दिव्याखाली झाला. तिथे निदान अंधाराच्या बदल्यात उजेड तरी होता. क्लिअर लेकला मात्र घरं गेली ती लोकांच्या सुट्टीसाठी. माझ्यासारख्यांच्या.

मग तिथे जाऊच नये का? दादाला शेवटच्या रात्री हेच विचारलं. तो म्हणाला, "जावं. पण कुणाच्या अंगणात बसलोय ते माहीत असावं." भाच्यानं लगेच विचारलं, "आत्या, म्हणजे आपण पाहुणे?" हो रे राजा, पाहुणेच.

सकाळी तंबू काढला. शेकोटीवर दोनदा पाणी ओतलं, राख हातानं चाचपून थंड झाल्याची खात्री केली. जंगलाचा नियमच आहे तो. त्या राखेकडे मी जरा जास्तच वेळ बघत राहिले, एवढंच.

पुढच्या उन्हाळ्यात आत्याला घेऊन तापोळ्याला जायचा विचार आहे. होडीत नाही बसायचं. काठावर बसून ती सांगेल तेवढं लिहून घ्यायचं. गावात कुणाचं घर कुठे होतं, विहीर कुठे, देऊळ कुठे. आजीला हे कधी विचारलंच नाही आम्ही.