ऐरणीवरचा इतिहास

हीरक महोत्सवी स्मरणिकेसाठी काय लिहावे, याचा विचार करताना सातवीच्या वर्गातला एक प्रसंग मनात पुन्हा पुन्हा येत राहिला. ‘आमच्या घराण्याचा व्यवसाय’ हा प्रकल्प मी मुलांना दिला होता. एका विद्यार्थ्याची वही कोरीच राहिली. कारण विचारले, तेव्हा तो खाली मान घालून म्हणाला, “बाई, आमचे आजोबा गावाकडे लोहार होते. त्यात इतिहास काय लिहायचा?” त्याचे कुटुंब नांदेडकडून हैदराबादेत आलेले. त्या दिवशी मला त्याला नीट उत्तर देता आले नाही. हा लेख म्हणजे ते उशिरा दिलेले उत्तर आहे.

१९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता. आपल्या शाळेतील कितीतरी घरांची मुळे तिकडच्या गावांत आहेत. त्या गावांचा कारभार बलुतेदारीवर चाले. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या ‘गावगाडा’ या ग्रंथात बलुतेदारांच्या तीन ओळी सांगितल्या आहेत. त्यांपैकी पहिल्या, म्हणजे सर्वांत मोठ्या हिश्शाच्या ओळीत सुतार आणि लोहार येतात. नांगराचा फाळ, वखराची पास, विळे, खुरपी, कुऱ्हाडी, मोटेचे कडे ही सारी लोहाराची कामे. त्यांचा मोबदला रोकड नसे. सुगीला खळ्यावर धान्याचा ठरीव वाटा त्याला मिळे.

गाडीच्या चाकाचेच पाहा. लाकडी चाक सुतार घडवी, त्यावरची लोखंडी धाव लोहार चढवी. धाव चाकापेक्षा किंचित लहान ठेवायची, गोवऱ्यांच्या जाळात तापवून फुगवायची, लालबुंद असतानाच चाकावर बसवायची आणि वरून पाणी ओतायचे. थंड होताना ती आकसते आणि चाकाचे सारे सांधे आवळून धरते. पदार्थ उष्णतेने प्रसरण पावतात, हा धडा आपण विज्ञानाच्या तासाला शिकवतो. गावात तो रस्त्याच्या कडेला, सर्वांच्या देखत शिकवला जात होता.

ही व्यवस्था सर्वस्वी सुखाची होती, असे मात्र मी म्हणणार नाही. व्यवसाय जन्माने ठरे आणि तो बदलण्याची मुभा क्वचितच असे. पीक बुडाले की बलुतेही बुडे. भाता ओढणाऱ्या आणि प्रसंगी घणही चालवणाऱ्या लोहारणीच्या श्रमांचा तर कोणी वेगळा हिशेबच ठेवला नाही.

आता नांदेडहून गोदावरीच्या प्रवाहाबरोबर खाली येऊ. बासरवरून नदी तेलंगणात शिरते. तिच्या एका अंगाला निर्मल, तर दुसऱ्या अंगाला निजामाबाद जिल्ह्यातील कोनासमुद्रम हे गाव आहे. या परिसरातील कारागीर मुशीतले पोलाद तयार करीत. भाताचा तूस मिसळलेल्या मातीच्या मुशीत लोखंडाचे तुकडे घालून तोंड लिंपायचे, भट्टीत दीर्घकाळ धग द्यायची आणि मग मूस सावकाश निवू द्यायची, अशी ती रीत होती. पोलादाला तेलुगू आणि कन्नड भाषांत ‘उक्कू’ म्हणतात. याच शब्दावरून इंग्रजीत ‘वूट्झ’ हे नाव रूढ झाले, असे मानतात. १८२०च्या सुमारास हेन्री व्हॉयसी हा भूवैज्ञानिक कोनासमुद्रमला आला, तेव्हा पोलाद खरेदी करण्यासाठी इराणातील इस्फहानचा एक व्यापारी तेथे आलेला होता. पश्चिम आशियातील नागमोडी नक्षीच्या प्रसिद्ध तलवारी अशा पोलादापासून घडत.

या पोलादाने युरोपलाही कोड्यात टाकले होते. १७९४ साली मुंबईहून डॉ. हेलेनस स्कॉट यांनी त्याचे नमुने लंडनला पाठवले. पुढच्याच वर्षी जॉर्ज पियर्सन यांनी रॉयल सोसायटीपुढे त्यावर निबंध वाचला. १८१९ मध्ये मायकल फॅरेडे यांनी त्याचे पृथक्करण केले. हे सर्व ग्रंथांत नोंदलेले आहे. ज्यांच्या हातांनी ते पोलाद घडले, त्यांची नावे मात्र कोठेही नाहीत.

पुढे कारखान्यांचे स्वस्त पोलाद आले, तलवारींची मागणी संपली, कोळशासाठी लाकूड मिळणे अवघड झाले आणि भट्ट्या विझल्या. जे ज्ञान केवळ हातातून हातात जात होते, ते हात थांबताच हरवले. मराठी मुलखातही १९०३ पासून किर्लोस्करांचे लोखंडी नांगर येऊ लागले. पुढे रबरी चाके आणि ट्रॅक्टर आले. गावातल्या ऐरणीचा आवाज हळूहळू मंदावला.

आपल्या भाषेने मात्र लोहाराला सोडलेले नाही. प्रश्न आजही ‘ऐरणीवर’ येतो. तापलेले पाते पाण्यात बुडवून त्याला कणखरपणा आणण्याच्या क्रियेला ‘पाणी देणे’ म्हणतात. धारदार पाते ‘पाणीदार’, तसा तेजस्वी माणूसही ‘पाणीदार’. पाणी कधी द्यायचे, हे लोहार तापलेल्या लोखंडाच्या रंगावरून ओळखी. त्याच्यापाशी तापमापक नव्हता, होती ती वर्षानुवर्षे तयार झालेली नजर.

तेव्हा, बाळ, तुझ्या आजोबांच्या व्यवसायात लिहिण्यासारखा पुष्कळ इतिहास होता. तो लिहिला गेला नाही, कारण ज्यांना लिहिता येत होते त्यांनी विचारले नाही आणि ज्यांना ठाऊक होते त्यांच्या हाती लेखणी नव्हती. तुझ्या घरात आता लेखणी आली आहे. परप्रांतात मराठी शाळा टिकवताना आपण भाषा जपण्याविषयी नेहमी बोलतो. पण शब्द जपायचे आणि ते घडवणारे हात विसरायचे, हे काही खरे जपणे नव्हे.

माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना माझी एक विनंती आहे. आपल्या घरातील वडीलधाऱ्यांना त्यांच्या कामाविषयी विचारा. अवजारांची नावे, कामाची रीत, मिळणारे बलुते आणि सोसलेला अपमानही लिहून शाळेकडे द्या. यंदापासून ग्रंथालयात त्यासाठी एक जाड वही ठेवली आहे. तिचे पहिले पान मी त्या विद्यार्थ्यासाठी कोरे सोडले आहे.