शर्यतीची गाडी, नट्या पिल्लू आणि कागदावरचं नाव

आज आम्ही गंगापूर रोडवरून बोलतोय. अशोक स्तंभापासून निघालं की आधी कॉलेजं लागतात, मग आनंदवल्ली, सोमेश्वर आणि पुढं गंगापूर गाव. त्याच वाटेनं आणखी पुढं गेलं की गिरणाऱ्याकडचे टोमॅटोचे आणि द्राक्षांचे मळे सुरू होतात. या रस्त्यालगतच्या एका मळ्यात आमच्या बचतगटातल्या एका वहिनींची पत्र्याची शेड आहे. पूर्वी तिथं टोमॅटोचे क्रेट असायचे. गेल्या पावसाळ्यापासून तिथं शर्यतीची गाडी तयार होतेय.

हसू नका! वहिनींची लेक इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. ती आणि तिच्याबरोबरची पोरं मिळून ही गाडी बांधताहेत. आमच्या गटाची महिन्याची बैठक त्याच अंगणात भरते, म्हणून ही गाडी आम्ही पहिल्या पाइपापासून पाहिली. आधी नुसता लोखंडी सांगाडा होता. आमच्या आजी म्हणाल्या, "अगं, ही तर बाज दिसतेय, फक्त विणायची राहिलीय."

क्रेटच्या मागं एका भटक्या कुत्रीनं पिल्लं घातली होती. बाकीची लोकांनी नेली, एक मागं राहिलं. नटबोल्ट पळवायची त्याला भारी हौस, म्हणून त्याचं नाव पडलं नट्या. वेल्डिंगच्या ठिणग्या उडाल्या की हा पलंगाखाली. काम थांबलं की पान्हा तोंडात धरून मळ्यात पसार. एकदा तर बैठकीत आम्ही पैसे मोजत होतो आणि यानं पासबुकाचा कोपरा चावला. बँकेतल्या साहेबांना काय सांगायचं, यावर आमची निम्मी बैठक गेली.

या गाडीचे नियम ऐकून मात्र आम्ही गप्प झालो. ही स्पर्धा कॉलेजच्या मुलामुलींची. अमेरिकेत ती १९८१ साली सुरू झाली, १९९८ मध्ये इंग्लंडमध्ये गेली. आपल्या देशात 'फॉर्म्युला भारत' नावानं ती कोइम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर भरत आलेली आहे. एस. करिवर्धन या कोइम्बतूरच्या माणसाच्या नावावरून त्या मैदानाला कारी म्हणतात. परदेशी शर्यतगाड्या परवडत नव्हत्या, तेव्हा १९८०च्या दशकाच्या शेवटी या माणसानं मारुती ८००चं इंजिन बसवून एकट्यानं बसायची स्वस्तातली शर्यतगाडी तयार केली. आपल्याकडच्या कितीतरी शर्यतपटूंचा हात त्या गाडीवर बसला.

स्पर्धेत नुसतं जोरात पळून भागत नाही. १००० गुणांतले ३२५ गुण कागदावरचे असतात. गाडी अशीच का बांधली, हे परीक्षकांना पटवायचं आणि प्रत्येक नटबोल्टचा खर्च लिहून दाखवायचा. म्हणजे आपल्या गटाच्या हिशेबासारखंच! ब्रेकची परीक्षा असते, त्यात चारही चाकं एकदम जाम व्हावी लागतात. चालवणाऱ्याला बसल्या जागेवरून पट्टे सोडून पाच सेकंदांत बाहेर पडता आलं पाहिजे. शेवटची मोठी फेरी सुमारे २२ किलोमीटरची. तिथं भल्याभल्या गाड्या बंद पडतात.

आणखी एक नियम गमतीचा आहे. पेट्रोलच्या गाडीच्या इंजिनानं ओढायची सगळी हवा एका २० मिलिमीटरच्या भोकातून आली पाहिजे. साधारण रुपयाच्या नाण्याएवढं. चुलीत फुंकर कमी गेली की जाळ कमी, तसंच इथं हवा कमी गेली की जोर कमी. त्यामुळं सगळ्यांच्या गाड्या आवाक्यात राहतात. हे भोक असलेला तुकडा वहिनींच्या लेकीनं स्वतः आखला आणि लेथवर उभं राहून करून घेतला. एका संध्याकाळी तो तुकडा नाहीसा झाला. कुणी नेला असेल, ते तुम्ही ओळखलंच.

शोधाशोध चालू असताना लेक रडवेली झाली होती. तिचं मन रमावं म्हणून आम्ही म्हटलं, "तुमच्या गाड्यांच्या इतिहासात बायका कधी होत्या का गं?" तेव्हा तिनं जे सांगितलं, तेच आज तुम्हाला सांगायचंय.

मोटारगाडीचं पेटंट जर्मनीतल्या कार्ल बेंझ यांच्या नावावर आहे. तारीख २९ जानेवारी १८८६. पण कारखान्यात पैसा कुणाचा होता? त्यांची बायको बर्था हिचा. लग्नाआधीच तिनं आपल्या हुंड्याची रक्कम त्यांच्या बुडत्या धंद्यात घातली होती. पैसा तिचा आणि नाव नवऱ्याचं.

गाडी तयार झाली, पण लोक घेईनात. कार्ल बुजरे होते, गाडी लांब न्यायला धजेनात. ऑगस्ट १८८८ मध्ये एका पहाटे बर्था उठली, दोन मुलांना घेतलं आणि नवऱ्याला न सांगता गाडी काढून माहेरी निघाली. मानहाइमपासून फॉर्झहाइमपर्यंत, शंभराहून थोडी जास्त किलोमीटर. त्याआधी इतक्या लांब कुणी मोटारीनं गेलंच नव्हतं. पेट्रोलपंप कुठला असणार! विसलोख गावी औषधाच्या दुकानातून डाग काढायचं रसायन घेतलं आणि ते इंधन म्हणून ओतलं. नळी तुंबली, तर टोपीची पिन घालून साफ केली. तारेवरचं वेष्टण झिजलं, तर मोज्याचा पट्टा गुंडाळला. उतारावर ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजले, तेव्हा तिनं मोच्याकडून त्यांना चामडं ठोकून घेतलं. आज प्रत्येक गाडीच्या ब्रेकला जे अस्तर असतं, त्याची सुरुवात तिथं झाली. चढावर मुलांनी गाडी ढकलली. घरी आल्यावर तिनं नवऱ्याला सांगितलं, चढासाठी आणखी एक गिअर हवा. तो बसवला गेला.

आमच्या आजी म्हणाल्या, "म्हणजे बाई माहेरी निघाली म्हणून मोटार चालली!" खरंच आहे ते.

पुढं शर्यती सुरू झाल्या. फ्रान्सची कामिल द्यू गास्त १९०१ साली पॅरिस ते बर्लिन शर्यतीत उतरली. १९०३ च्या पॅरिस–माद्रिद शर्यतीत दुसऱ्या एका गाडीवाल्याला अपघात झाला, तेव्हा ती आपला नंबर सोडून त्याच्या मदतीला थांबली. त्या शर्यतीत इतकी माणसं गेली की ती बोर्दोला थांबवावी लागली. पुढच्या वर्षी कामिलला शर्यतीत उतरू दिलं नाही. कारण काय, तर बाई!

इंग्लंडची डोरोथी लेव्हिट एका मोटार कारखान्यात टायपिस्ट होती. ती गाडी शिकली, शर्यतीत उतरली, आणि १९०६ साली तिनं ताशी १४६ किलोमीटरचा वेग गाठला. तिच्याजवळ डोडो नावाचं छोटं काळं कुत्रं असायचं. १९०४ च्या हजार मैलांच्या चाचणीत ते तिच्याबरोबर होतं. चिडवायला म्हणून पुरुष स्पर्धकांनी आपापल्या गाड्यांवर खेळण्यातली कुत्री बांधली. तिनं काय करावं? त्या सगळ्यांना कुत्र्याची बिस्किटं वाटली! १९०९ साली तिनं बायकांसाठी मोटारीवर पुस्तक लिहिलं. त्यात सांगितलं की हाताशी छोटा आरसा ठेवा, मागचं दिसायला उपयोगी पडतो. गाड्यांना मागचं दाखवणारे आरसे सर्रास बसू लागले, ते यानंतर.

आणि आता त्या भोकाची गोष्ट. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांच्या लढाऊ विमानांचं इंजिन एकदम खाली सूर मारताना बंद पडायचं. जास्तीचं पेट्रोल इंजिनात भरून ते गुदमरायचं आणि वैमानिकाचा जीव टांगणीला लागायचा. बिअट्रिस शिलिंग नावाच्या इंजिनिअर बाईनं १९४१ साली त्यावर उपाय काढला. काय, तर मधे नेमकं भोक असलेला एक छोटा तुकडा. हवं तितकंच पेट्रोल त्यातून जाणार. विमान उघडून ठेवायची गरज नाही, उभ्या उभ्या बसतो. आपली मोटारसायकल घेऊन ती विमानतळांवर फिरली आणि तुकडे बसवून घेतले. ही बाई स्वतः मोटारसायकलच्या शर्यतीत ताशी शंभर मैलांवर गेलेली. तसा वेग गाठलेल्यांना ब्रुकलँड्सच्या मैदानावर सोनेरी तारा मिळे. तो नवरदेवानंही मिळवावा, मगच लग्न, अशी तिची अट होती म्हणतात.

मैत्रिणींनो, हे ऐकत असताना नट्या तुळशीवृंदावनामागून माती उकरत बाहेर आला. तिथं त्याची तिजोरी होती. दोन पान्हे, एका पायातली चप्पल, आमच्या तिळाच्या डब्याचं झाकण आणि तो तुकडा. भोक शाबूत होतं. लेकीनं नट्याला एक धपाटा दिला आणि लगेच उचलून छातीशी धरलं.

खरी अडचण त्यानंतर आली. कोइम्बतूरला जायचं तर प्रवास, राहणं आणि तिच्या वाट्याचा खर्च मिळून आठ हजार रुपये लागणार होते. वहिनींनी गटाकडं कर्ज मागितलं. आमच्यातच दोन तट पडले. एक ताई म्हणाल्या, "गटाचा पैसा शेळीला, शिलाई मशीनला, दवाखान्याला. शर्यतीला कसा द्यायचा?" दुसऱ्या म्हणाल्या, "पोरांबरोबर आठ दिवस पोरगी परमुलखात. उद्या लोक काय म्हणतील?" ही भीती खोटी नाही. आम्हीही लेकीबाळींच्या आया आहोत. त्यांना कुणी हसलं नाही.

तेव्हा लेकीनं एक कागद पुढं केला. परीक्षकांना द्यायच्या यादीत कुठला भाग कुणी आखला, ते लिहिलेलं होतं. हवेच्या त्या तुकड्यापुढं नाव होतं एका मुलाचं. लेकीच्या नावापुढं फक्त 'हिशेब व कागदपत्रे'. मुलांनी मुद्दाम केलं नव्हतं. "मुली लिहितात छान," एवढंच त्यांच्या मनात. ती म्हणाली, "मी इथं राहिले, तर तिथं परीक्षकांनी विचारल्यावर उत्तर तोच देणार. मग तो तुकडा कायमचा त्याचाच."

अंगणात कुणी बोलेना. कारण हे आमच्यापैकी प्रत्येकीच्या घरातलं आहे. बाग कुणी छाटली, दूध कुणी काढलं, आणि सातबारा कुणाच्या नावावर?

आमच्या आजींनी मग चांदवडची आठवण काढली. आपल्याच जिल्ह्यातलं चांदवड. नोव्हेंबर १९८६ मध्ये तिथं शेतकरी महिलांचं मोठं अधिवेशन भरलं होतं. घरून भाकरी बांधून बायका आल्या होत्या. शेतातल्या बाईच्या कष्टाचा हिशेब मांडा, हे तिथं उघड बोललं गेलं. त्यातून पुढं शेतकरी संघटनेची लक्ष्मीमुक्तीची मोहीम निघाली आणि नवऱ्यांनी बायकांच्या नावावर जमीन करून दिली. १९९२ साली सरकारनं परिपत्रक काढलं आणि सातबाऱ्यावर नवऱ्याबरोबर बायकोचं नाव लावायची वाट खुली झाली. आता १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आईचंही नाव लागतं. बर्थापासून इथवर यायला सव्वाशेहून जास्त वर्षं लागली.

आजी म्हणाल्या, "शेळी मेली तरी आपण कर्ज देतो. पोरीचं नाव मरतंय, त्याला नाही देणार?"

ठराव झाला. कारणाच्या रकान्यात 'शिक्षण' लिहिलं. व्याज नेहमीचंच, सूट नाही. वहिनी दूध घालतात, त्यातून दहा हप्त्यांत फेड. लोकांच्या बोलण्यावरही तोड काढली. गटातल्या एक मावशी सोबत जाणार, त्यांचं भाडं त्यांनी स्वतःच घातलं. खरं तर त्यांनाच गाड्या बघायच्या होत्या! यादीचं म्हणाल, तर लेकीनं मुलांसमोर कागद ठेवला. ज्याचं नाव होतं, त्यानंच ते खोडलं आणि तिचं लिहिलं. त्याला कुणी आधी सांगितलंच नव्हतं, इतकंच.

गाडी अजून पुरी झालेली नाही. शर्यतीत नंबर येईल की २२ किलोमीटरच्या मधेच बंद पडेल, आम्हाला ठाऊक नाही. पण तो तुकडा कुणी केला, असं परीक्षकांनी विचारलं, तर उत्तर द्यायला ती तिथं उभी असेल.

तुमच्या पुढच्या बैठकीत एक काम करा. प्रत्येकीनं सांगा, घरातल्या कुठल्या वस्तूत आपला पैसा किंवा कष्ट आहेत आणि कागद कुणाच्या नावावर आहे. भांडायला नव्हे, नुसतं मोजायला. मोजल्यावर काय करायचं, ते तुमचं तुम्हाला सुचेल. सातबाऱ्यावर नाव लावायचं असेल, तर तलाठ्याकडं दोघी-तिघी मिळून जा, एकटी जाऊ नका.

नट्याला आता दोरीनं बांधतात. काल त्यानं दोरी चावली. आज वेल्डिंगचा हातमोजा गायब आहे. तुळशीमागं बघायला आम्ही निघालोय.