मनीऑर्डरीचा मुलुख

रत्नागिरी जिल्ह्याचा नकाशा वर्गात टांगला की मुलांना प्रथम दिसतो तो त्याचा चिंचोळेपणा. पूर्वेस सह्याद्रीची भिंत, पश्चिमेस सुमारे १६७ किलोमीटरांचा किनारा. १९८१ साली सिंधुदुर्ग वेगळा झाला. त्याआधी हा जिल्हा थेट गोव्याच्या हद्दीला भिडलेला होता.

येथे वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरांहून अधिक, जुन्या हिशेबाने एकशेवीस इंचांच्या घरात, पाऊस कोसळतो. सोलापूरकराने हा आकडा ऐकला तर तो हेव्याने सुस्कारा टाकील. पण वैशाखात याच जिल्ह्यातल्या कित्येक वाड्यांवर टँकर चढतात. घाटापासून समुद्र इतका जवळ, की नद्यांना रेंगाळायला सवड नाही. आणि जांभा दगड असा सच्छिद्र, की मुरलेले पाणी चार महिनेही धरून ठेवीत नाही.

जमिनीचीही तीच गत. भाताची खाचरे थोडी, बाकी सारी वरकस. तिथे नाचणी-वरी पिकवायची आणि काही वर्षांनी जमीन विसाव्याला टाकायची. पिकले त्यातही खोताचा वाटा आधी. खोती कायद्याने गेली ती १९४९ साली! तेव्हा १८५०च्या सुमारास मुंबईत कापडगिरण्या निघू लागल्या आणि आमचे पुरुष बोटीत बसले, याचे नवल ते काय? कुणी गिरणीत गेले, कुणी गोदीत, कुणी पलटणीत.

१८८० साली टपालखात्याने मनीऑर्डर सुरू केली आणि घराघराचा संसार तिच्यावर चालू लागला. जिल्ह्याचे नाव निघाले की लोकमान्यांचा जन्म आणि ब्रह्मदेशाच्या थिबा राजाची नजरकैद सांगितली जाते, ते योग्यच. मला मात्र पोस्टमनचा इतिहास अधिक मोठा वाटतो. मनीऑर्डरीच्या कुपनावर दोन ओळींची जागा असे. माझी आजी ती कुपने तारेला ओवून ठेवी. तिला अक्षरओळख नव्हती. पोस्टमन वाचून दाखवी तेवढाच तिला नवऱ्याचा आवाज!

यातला खरा जाच पावसाळ्याचा होता. आगोट लागली की बोटी बंद होत, त्या नारळी पौर्णिमेच्या सुमारास सुरू होत. म्हणजे लावणीला माणूस हवा, नेमका तेव्हा समुद्र मिटलेला. सातबाऱ्यावर नाव पुरुषाचे, चिखलात पाय बाईचे. चाकरमानी घरी येई तो गौरीगणपतीला, रोपे पोटरीला आल्यावर.

१९८२च्या जानेवारीत गिरण्यांचा संप झाला आणि कितीक घरांच्या मनीऑर्डरी आटल्या. पुढे १९९०च्या सुमारास सरकारने रोजगार हमीतून फळबाग योजना काढली. ज्या सड्यावर नाचणीही रुसत होती तिथे हापूस आणि काजू उभे राहिले. १९९८ साली कोकण रेल्वे संपूर्ण धावू लागली. टपालखात्याने २०१५ साली जुनी मनीऑर्डर बंद केली, तेव्हा आमच्याकडे फारसे कुणी हळहळले नाही.

आता थंडी पडली की आंब्याच्या बागांत राखणीला आणि फवारणीला नेपाळी गडी येतात. काही बायकामुलांसह, बरेचसे एकटे. बागेतल्या खोपटात राहतात, पावसाच्या तोंडावर परततात. महिन्याचा पगार हाती पडला की ते मोबाइलवरून आधी गावी पैसे पाठवतात.