खोट्या वर्दीला शिक्षा, बिघडलेल्या भोंग्याला मोकळीक

मध्यरात्री बंद दुकानाच्या शटरआड भोंगा वाजू लागला की आकुर्डीतील रहिवासी पहिल्या वेळी खिडकीत येतात. महिनाभरात तोच भोंगा चौथ्यांदा वाजला की कूस बदलून झोपतात. चोराला याहून अधिक काय हवे? बँका, एटीएम, सराफी पेढ्या, कारखाने आणि आता सोसायट्या व बंगल्यांतूनही गजरयंत्रणा बसविल्या जात आहेत. मात्र ती यंत्रणा विनाकारण वाजली तर जबाबदार कोण, या प्रश्नाचे सरळ उत्तर कायद्यात सापडत नाही.

अग्निशमन दलाच्या भाषेत आगीच्या निरोपाला ‘वर्दी’ म्हणतात. खोटी वर्दी देणे हा जुना गुन्हा आहे. १९५१ च्या मुंबई पोलीस अधिनियमाचे, म्हणजे आताच्या महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचे, कलम १२१ त्यासाठीच आहे. दुसऱ्याला त्रास व्हावा म्हणून लोकसेवकाला खोटी माहिती देणाऱ्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २१७ नुसार एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. १ जुलै २०२४ पूर्वी लागू असलेल्या भारतीय दंड विधानात ही मर्यादा सहा महिने व एक हजार रुपये होती. परंतु या दोन्ही तरतुदी ‘जाणूनबुजून’ या शब्दावर उभ्या आहेत. उंदराने कुरतडलेली तार, कोळिष्टकांनी भरलेला सेन्सर, वीज गेल्यावर दगा देणारी बॅटरी यांना हेतू नसतो. त्यामुळे खोडसाळ माणूस कायद्याच्या कचाट्यात सापडतो, निष्काळजी मालक मात्र सुटतो.

परदेशात हा प्रश्न शिक्षेऐवजी शुल्काने सोडविण्याकडे कल आहे. अमेरिकेतील अनेक शहरांत गजरयंत्रणेची स्थानिक प्रशासनाकडे नोंदणी करावी लागते. वर्षातील पहिले काही चुकीचे गजर माफ होतात आणि पुढे प्रत्येक वेळी शुल्क आकारले जाते. सॉल्ट लेक सिटीने तर २००० च्या अखेरीस, घरफोडीचा गजर खरा असल्याची कोणीतरी आधी खात्री केल्याशिवाय पोलीस न पाठविण्याचे धोरण स्वीकारले. लंडनच्या अग्निशमन दलाने जानेवारी २०१४ पासून, वर्षभरात दहापेक्षा अधिक चुकीचे गजर देणाऱ्या बिगरनिवासी इमारतींना प्रत्येक फेरीमागे २९० पौंड आकारण्यास सुरुवात केली. ऑक्टोबर २०२४ पासून तेथे बहुतेक व्यापारी इमारतींतील केवळ यंत्राने दिलेल्या गजरावर दिवसा बंब जात नाही. आगीची वर्दी माणसानेच द्यावी लागते.

महाराष्ट्रात याच्या सर्वांत जवळ जाणारा कायदा म्हणजे महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६. त्याच्या कलम ३ नुसार इमारतीतील यंत्रणा सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी मालक किंवा भोगवटादारावर आहे. परवानाधारक संस्थेकडून तपासणी करून त्याचे प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी व जुलै महिन्यांत अग्निशमन विभागाला सादर करावे लागते. चुकीच्या गजरासाठी स्वतंत्र शुल्क त्यात नाही. सहामाही तपासणी कागदावर न राहता खरोखर झाली तरी बरेच भोंगे गप्प होतील. चोरीच्या गजराला तर एवढाही लगाम नाही. खासगी सुरक्षा संस्थांसाठी २००५ चा केंद्रीय कायदा आहे, पण त्याचा सारा भर सुरक्षारक्षक पुरविणाऱ्यांवर आहे.

महापालिकेला महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ४५८ खाली उपविधी करता येतात. त्यांना राज्य शासनाची मान्यता लागते. शुल्काचा मार्ग काढायचाच झाला तर तो याच दिशेने जाईल. त्यातही एक धोका आहे. प्रत्येक चुकीच्या गजराला पैसे पडू लागले तर यंत्रणा बंद करून ठेवणारे दुकानदार कमी निघणार नाहीत. चिखलीतील पूर्णानगरमध्ये ३० ऑगस्ट २०२३ रोजी पहाटे दुकानाला लागलेल्या आगीत तेथेच राहणाऱ्या एकाच कुटुंबातील चौघांचा मृत्यू झाला. अशा दुकान-नि-घर वस्तीत गजर बंद असणे परवडणारे नाही. म्हणूनच पहिले काही गजर माफ करून, दुरुस्तीची पावती दाखविल्यास शुल्क सोडण्याची पद्धत अधिक व्यवहार्य ठरेल.

दरम्यान, शेजाऱ्यांच्या हाती ध्वनिप्रदूषण नियम, २००० आहेत. निवासी भागात दिवसा ५५ व रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. आवाज मर्यादेपेक्षा १० डेसिबलने किंवा अधिक वाढल्यास तक्रार करता येते. पोलीस मोजणीला येईपर्यंत भोंगा बहुधा थांबलेला असतो, हे खरे. तरीही तारीख, वेळ आणि किती मिनिटे वाजला याची नोंद ठेवून सोसायटीमार्फत लेखी तक्रार पोलीस ठाण्यात द्यावी. यंत्रणा बसविणाऱ्यांनीही किल्ली जवळ असलेल्या दोघांचे दूरध्वनी क्रमांक वॉचमनकडे ठेवावेत, म्हणजे मालक गावाला गेला तरी कुलूप उघडून भोंगा बंद करता येतो.