पनवेल: माळ्यापासून डिजिलॉकरपर्यंत

पनवेल गाढी नदीकाठी, खाडीलगत वसले आहे. मुसळधार पाऊस आणि भरती एकाच वेळी आली की नदीचे पाणी तुंबते. कोकणातल्या जुन्या घरांत धान्य व कागदपत्रे अशा पाण्यापासून वाचावीत म्हणून माळ्यावर ठेवत. २६ जुलै २००५ च्या महापुराचा तडाखा पनवेललाही बसला. तोवर घरांत फ्रिज, टीव्ही, संगणक आले होते. जड उपकरणे माळ्यावर चढत नाहीत. शिवाय धोका फक्त पुराचा नाही: ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात पनवेलच्या रायगड जिल्ह्यात विजेचे खांब कोसळले. कागदपत्रांना मात्र नवा माळा मिळाला: २०१५ मध्ये कागदपत्रे ऑनलाइन जपणारे डिजिलॉकर सुरू झाले, २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. उपकरणांसाठी नियम जुनाच आहे: पाणी शिरण्यापूर्वी मेन स्विच बंद करावा आणि भिजलेले उपकरण तपासल्याशिवाय जोडू नये.