डोंगराची पलटण, पाण्याची लढाई

१६ ऑक्टोबर १९१४ रोजी मुंबई बंदरातून जहाजांचा एक मोठा तांडा बाहेर पडला. पंचांगाचे गणित मांडले तर ते दिवाळीचे दिवस होते. आश्विन अमावास्या १९ तारखेला दुपारी संपत होती. म्हणजे लक्ष्मीपूजन १८ तारखेला, रविवारी. युद्धाचे इतिहास लिहिणाऱ्यांना या तिथीची गरज नव्हती, त्यामुळे ती कुठे नोंदलेली नाही. पण त्या जहाजांवर ११७वी मराठा पलटण होती. सातारा आणि रत्नागिरीकडची, कोल्हापूर-बेळगाव भागातली ही माणसे त्या रविवारी अरबी समुद्रात होती, आणि आपण कुठे चाललो आहोत हे त्यांना ठाऊक नव्हते.

ठाऊक नव्हते हे शब्दशः खरे. ब्रिगेडियर जनरल डेलामेन यांच्या हाताखालच्या या १६व्या ब्रिगेडला मोहोरबंद हुकूम मिळाले होते. तांड्यातली बाकीची जहाजे फ्रान्सकडे आणि पूर्व आफ्रिकेकडे जाणारी होती. ‘एम्डेन’ या जर्मन क्रूझरने २२ सप्टेंबरला मद्रासवर तोफा डागल्यापासून हिंदी महासागरात एकेकट्याने जाणे धोक्याचे झाले होते, म्हणून सगळे एकत्र निघाले. खोल समुद्रात आल्यावर डेलामेनची जहाजे वेगळी झाली आणि उत्तरेला, इराणच्या आखाताकडे वळली.

या ब्रिगेडमध्ये चार पलटणी होत्या. दुसरी डॉर्सेट ही गोरी पलटण. बाकीच्या तीन २०वी पंजाबी, १०४वी वेलस्ली रायफल्स आणि ११७वी मराठा. बरोबर खडकीच्या सॅपर्स-मायनर्सची एक कंपनी आणि तोफखाना म्हणून दोन डोंगरी तोफखाने, ज्यांच्या तोफा सुट्या करून खेचरांच्या पाठीवर लादता येतात. ही ब्रिगेड ज्या प्रदेशात लढायला चालली होती तिथे शेकडो मैलांत डोंगर नाही, टेकाड दिसले तरी नवल. तोफखान्याची ही निवड वेडेपणाची नव्हती. मागे उभ्या असलेल्या सगळ्या लष्करी विचाराचे ते सरळ फलित होते.

हिंदुस्थानी फौजेची तयारी त्या काळात एकाच लढाईसाठी चालत असे, ती म्हणजे वायव्य सरहद्दीवरची. १९०३ च्या सुमारास लॉर्ड किचनेरने साऱ्या पलटणींना सलग नंबर दिले. मुंबई लष्कराच्या नंबरांत शंभर मिळवले गेले आणि जुनी १७वी बॉम्बे इन्फंट्री ११७वी मराठा झाली. तसेच ३री झाली १०३वी, १०वी झाली ११०वी. नंबर बदलले, त्याबरोबर कवायतीचा रोखही पक्का झाला. पुणे डिव्हिजन पुण्यात असली तरी तिचे डोळे खैबर खिंडीकडे. सामान खेचरावर, मोहीम काही आठवड्यांची, जखमींची संख्या बेताची, आणि मागे रेल्वेचे टोक. प्रत्येक पलटणीला फक्त दोन मशीनगन. तोफखान्यापासून डोल्यांपर्यंत सगळे मोजमाप या हिशेबाने ठरलेले होते.

पलटणीतली माणसे कोण होती हेही सांगायला हवे. साधारण साडेसातशे शिपाई आणि त्यांचे हिंदी अंमलदार, वर डझनभर इंग्रज अधिकारी. ‘मराठा’ म्हणवणाऱ्या या पलटणींत कोकणी मराठे, दख्खनी मराठे आणि दख्खनी मुसलमान अशा वेगवेगळ्या कंपन्या असत. ज्यांच्या बापजाद्यांनी मुंबई लष्करात पिढ्यान् पिढ्या नोकरी केली ते महार मात्र यात नव्हते. १८९० नंतरच्या काही वर्षांत त्यांची भरतीच बंद करण्यात आली होती. गोपाळबाबा वलंगकर आणि पुढे शिवराम जानबा कांबळे यांनी त्याविरुद्ध अर्ज केले, ते वाया गेले. १९१७ मध्ये माणसे कमी पडू लागली तेव्हा सरकारला १११वी महार पलटण उभारण्याची बुद्धी झाली, आणि गरज संपताच १९२१ मध्ये ती मोडण्यातही आली. ‘लढवय्या जाती’ हा सिद्धांत किती शास्त्रशुद्ध होता, हे या दोन तारखांवरून कळावे.

२३ ऑक्टोबरला जहाजे बहारीनला पोहोचली आणि थांबली. तुर्कस्तान अजून युद्धात उतरलेले नव्हते. फौज किनाऱ्यावर उतरवली तर अरब बिथरतील, तुर्कांना निमित्त मिळेल. म्हणून कुणालाही जमिनीवर पाय ठेवायची मुभा नव्हती. ऑक्टोबरअखेरची आखातातली दमट उष्णता, खचाखच भरलेली जहाजे, तळात खेचरे आणि त्यांचा वास. यात दहा दिवस गेले. एवढ्या वेळात करण्यासारखे एकच काम होते: जहाजाच्या बोटी खाली सोडायच्या, त्यांत उतरायचे, वल्ही मारायची आणि परत वर चढायचे. या मोहिमेसाठी झालेली पहिली खरी तयारी ही, असे माझे मत आहे. ती कुठल्याही कवायतीच्या पुस्तकातून आलेली नव्हती, रिकामपणातून आली होती.

इथे एक गोष्ट मला नेहमी खटकते. या पाण्यात मुंबईचे शिपाई काही पहिल्यांदा आलेले नव्हते. १८५६-५७ च्या इराण युद्धात मुंबई लष्कराने बुशायर घेतले होते. नंतर जेम्स औट्रमच्या फौजेने शत्-अल्-अरब नदीत शिरून मार्च १८५७ मध्ये मुहम्मरा काबीज केले होते. म्हणजे ज्या नदीच्या मुखाकडे ११७वी निघाली होती, त्याच नदीत सत्तावन्न वर्षांपूर्वी तिच्याच लष्करातल्या पलटणी बोटींतून चढून गेल्या होत्या. इतिहास म्हणून ही आठवण जपली गेली, निशाणांवर ‘पर्शिया’ हा मान कोरला गेला. पण तिथले पाणी, चिखल, होड्या यांचे जे ज्ञान तेव्हा मिळाले, ते कुणी जपले नाही.

तुर्की आरमाराने २९ ऑक्टोबरला काळ्या समुद्रातल्या रशियन बंदरांवर हल्ला केला आणि प्रश्न मिटला. २ नोव्हेंबरला, त्रिपुरी पौर्णिमेच्या सुमारास, जहाजांनी बहारीन सोडले. ५ तारखेला ब्रिटनने युद्ध पुकारले, ६ तारखेला ‘ओडिन’ या लहानशा लढाऊ जहाजाने फाओच्या किल्ल्यातल्या तोफा गप्प केल्या आणि फौजेची एक तुकडी उतरली. मग ब्रिगेड नदीतून वर सरकून अबादानच्या पुढे सानिया येथे उतरली. उतरली म्हणजे काय, तर धक्का नाही, पुरेशा बोटी नाहीत, काठ उभा आणि निसरडा. माणसे एक वेळ चढून गेली. खेचरे, दारूगोळा आणि शिधा चढवता चढवता दिवस गेले. काठाला लागून खजुरीच्या बागा आणि त्यांना पाणी देणारे असंख्य पाट. भरतीच्या वेळी पाट भरत, ओहोटीला त्यांत चिखल राही. सरळ रांगेत चालण्याची सवय असलेल्या पलटणीला दर शंभर-दोनशे पावलांवर रांग मोडावी लागे.

१७ नोव्हेंबरला साहिलची लढाई झाली. तोवर ११०वी मराठा ज्या १८व्या ब्रिगेडमध्ये होती तीही येऊन मिळाली होती. त्या दिवशी पावसाची मोठी सर आली. तिथली माती कोरडी असते तेव्हा दगडासारखी, आणि ओली झाली की पाय काढू देत नाही. मावळातल्या भाताच्या खाचरात चिखलणी केलेल्या माणसाला हे वर्णन करून सांगावे लागणार नाही. फक्त इथे खाचर संपतच नव्हते आणि समोरून गोळ्या येत होत्या. लढाई जिंकली गेली. २३ नोव्हेंबरला बसऱ्यात समारंभाने निशाण चढले.

तिथून पुढची हकीकत बहुतेक पुस्तकांत विजयांच्या मालिकेसारखी सांगितलेली असते. मी १९१५ च्या मे महिन्यापाशी थांबतो, कारण तयारी या शब्दाचा खरा अर्थ तिथे दिसतो.

तैग्रिस नदीवर कुर्ना गावाच्या पुढचा सारा प्रदेश पुराने बुडाला होता. पाणी कुठे कमरेइतके, कुठे पुरुषभर, आणि त्यात लव्हाळ्यांची रानेच्या राने. मधूनमधून वर आलेल्या टेकाडांवर तुर्कांचे मोर्चे. पायदळाने चालून जावे तर जमीन नाही, आरमाराने जावे तर खोली नाही. जनरल टाउनशेंडने तिथल्या लोकांच्या बेलम नावाच्या होड्या गोळा केल्या. बेलम लांब, अरुंद, सपाट तळाची. उथळ पाण्यात ती बांबूने रेटायची, खोल पाण्यात वल्हवायची. एकीत सुमारे दहा माणसे. काही होड्यांना पुढे लोखंडी पत्र्याच्या ढाली लावल्या.

१७व्या ब्रिगेडला होड्या चालवायला शिकायचे होते, आणि त्या ब्रिगेडमध्ये १०३वी मराठा होती. काही आठवडे, मे महिन्याच्या उन्हात, बांबू रोवायचा, रेटायचा, उपसायचा हे शिक्षण चालले. उभे राहून रेटताना होडी कलंडते. बसून रेटता येत नाही. लव्हाळ्यांत शिरले की दिशा कळत नाही, आणि ढालींमुळे पुढचे जड होडके वळता वळत नाही. कोकणी कंपन्यांतल्या ज्यांनी खाडीत तर हाकलेली असेल त्यांना हे लवकर साधले असेल आणि माणदेशातल्या दुष्काळी गावच्या शिपायाला वेळ लागला असेल, असा माझा तर्क आहे. तर्कच, कागदावर पुरावा नाही. त्यांचा होडीवरचा उस्ताद कोण होता, अरब नावाडी की पलटणीतलाच कुणी, हे इतिहासकाराने विचारलेच नाही.

३१ मे रोजी पहाटे होड्यांच्या रांगा लव्हाळ्यांतून निघाल्या. तोफांचा मारा इतका अचूक होता की टेकाडे एकामागून एक पडली आणि आपली माणसे फार थोडी गमावली. इंग्रज अधिकाऱ्यांनी याला थट्टेने ‘टाउनशेंडची रेगाटा’, म्हणजे होड्यांची शर्यत, म्हटले. थट्टा समजू शकते. पण सरहद्दीच्या डोंगरांसाठी घडवलेली पलटण काही आठवड्यांत पाण्यावरची झाली, ही कामगिरी त्या विनोदात झाकली जाते, याचे मला वाईट वाटते.

शिपायांनी जे काही आठवड्यांत शिकून घेतले ते सिमल्याला दोन वर्षांत शिकता आले नाही. नदी हाच एकमेव रस्ता असलेल्या देशात नदीतून जाणारी जहाजे कमी पडत होती आणि फौज मात्र पुढे पुढे ढकलली जात होती. ३ जूनला अमारा, २८ सप्टेंबरला कुत. २२ नोव्हेंबर १९१५ रोजी बगदादच्या अलीकडे टेसिफोनला लढाई झाली तेव्हा १०३वी, ११०वी आणि ११७वी या तिन्ही पलटणी तिथे होत्या. डिव्हिजनची सुमारे साडेचार हजार माणसे मेली किंवा जखमी झाली. जखमींना नदीपर्यंत न्यायला स्प्रिंग नसलेल्या गाड्या, आणि नदीवर पुरेशा इस्पितळी बोटी नाहीत. ती बोट बसऱ्याला आली तेव्हाचे दृश्य इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या मेजर कार्टर यांनी पुढे चौकशी आयोगासमोर सांगितले. ते इथे उतरवून घेण्याची माझी इच्छा नाही. त्यांनी तक्रार केली तेव्हा वरिष्ठांनी त्यांनाच अटकेची धमकी दिली होती, एवढे सांगतो. मेसोपोटेमिया आयोगाचा अहवाल १९१७ मध्ये आला आणि भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी राजीनामा दिला.

तिन्ही पलटणी कुतच्या वेढ्यात अडकल्या. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६. शेवटी सुमारे तेरा हजार माणसे तुर्कांच्या हाती पडली, आणि हिंदी शिपायांतल्या पुष्कळांना बगदाद रेल्वेच्या कामावर रास-अल्-ऐनकडे चालवत नेण्यात आले. पलटण कैदेत असतानाच इकडे नव्या रंगरुटांतून त्याच नंबरांच्या पलटणी पुन्हा उभ्या केल्या गेल्या. सैन्याच्या दृष्टीने पलटण मरत नाही. नंबर चालू राहतो. ११७व्या पलटणीला पुढे ‘रॉयल’ हा किताब मिळाला आणि १९२२ च्या फेररचनेत ती पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची पाचवी बटालियन झाली.

फ्रान्समधल्या हिंदी शिपायांच्या पत्रांची भाषांतरे सेन्सॉरच्या कचेरीने केली, म्हणून ती आज वाचायला मिळतात. त्यांत पंजाबी शिपायाचा आवाज भरपूर ऐकू येतो, मराठी माणसाचा फार क्षीण. मेसोपोटेमियाच्या बाबतीत तेवढीही सोय नाही. पराक्रमाची वर्णने इंग्रजीत मिळतात, ती खोटी नाहीत. पण बहारीनच्या दहा दिवसांत जहाजावर कोण काय बोलले, दिवाळी कुणाला आठवली, बेलममधून पहिल्यांदा पाण्यात पडल्यावर कोण हसले, हे सगळे माणसांबरोबर गेले. आपल्याकडे जे उरले ते गावोगावच्या दगडी पाट्यांवर: या गावातून इतकी माणसे १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात गेली, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावात तर गावाच्या नावालाच ‘मिलिटरी’ जोडले गेले.

ज्यांना कबर मिळाली नाही त्यांच्यासाठी बसऱ्याजवळ माकिल येथे शत्-अल्-अरबच्या काठी १९२९ मध्ये स्मारक उभारले गेले. भिंतीवर चाळीस हजारांवर माणसांची नोंद आहे. गोऱ्या शिपायांची नावे आहेत, हिंदी अंमलदारांची नावे आहेत. हिंदी शिपायांची मात्र पलटणीवार फक्त संख्या कोरलेली आहे. १९९७ मध्ये सद्दाम हुसेनच्या हुकमाने ते सारे स्मारक नदीकाठावरून उचलून नासिरियाच्या रस्त्यावर, वाळवंटात नेऊन बसवण्यात आले.